बैरूत उभे राहिले, इतिहासाचे पुस्तक नाही

लेबनॉनमधील यादवी युद्ध एप्रिल १९७५ मध्ये पेटले आणि ऑक्टोबर १९९० मध्ये थांबले. सुमारे दीड लाख माणसे मारली गेली. ही लढाई निव्वळ ख्रिस्ती विरुद्ध मुसलमान अशी होती, असे समजणे चुकीचे ठरेल. शेवटच्या काळात मारोनी मारोनींशी आणि शिया शियांशी लढले. सीरिया आणि इस्राएलच्या फौजाही मध्ये होत्याच.

१९८९ साली सौदी अरेबियातील ताइफ येथे समझोता झाला. संसदेत ख्रिस्ती व मुस्लिम जागांचे प्रमाण सहास पाच होते, ते निम्मेनिम्मे झाले. मात्र राष्ट्राध्यक्ष मारोनी, पंतप्रधान सुन्नी, सभापती शिया ही १९४३ पासूनची वाटणी कायम राहिली. जमातवार वाटणी टप्प्याटप्प्याने संपवण्याचे वचन कागदावरच राहिले.

१९९१ मध्ये सर्वसाधारण माफीचा कायदा आला. काल बंदूकधारी टोळ्या चालवणारे आज मंत्री झाले. या माफीतून राजकीय व धार्मिक नेत्यांच्या हत्या वगळल्या होत्या. म्हणजे नेत्याच्या खुनाचा जाब विचारता येत होता; गरिबाच्या खुनाचा नाही!

१९९२ मध्ये रफिक हरीरी पंतप्रधान झाले. बैरूतच्या मध्यभागाची उभारणी १९९४ मध्ये स्थापन झालेल्या सॉलिदेर कंपनीकडे गेली. जुन्या मालकांना घरा-दुकानांच्या बदल्यात शेअर्स मिळाले. रस्ते झाले, इमारती चकाकल्या, पण ज्यांचा बाजार होता ते तिथे परतलेच असे नाही.

आम्हा शिक्षकांना सर्वांत जास्त बोचते ती वेगळीच गोष्ट. ताइफच्या करारात इतिहासाचे एकच पाठ्यपुस्तक तयार करण्याचे कलम होते. समित्या बसल्या, मसुदे झाले, पण सर्वमान्य पुस्तक निघाले नाही. वर्गातला इतिहास स्वातंत्र्याच्या काळापाशी, १९४० च्या दशकात थांबतो. पुढचा इतिहास मुले घरी शिकतात आणि तिथे प्रत्येक घराचा शहीद वेगळा, कातिल वेगळा.

युद्धात बेपत्ता झालेल्यांचा आकडा सतरा हजार सांगितला जातो. त्यांच्या आयाबहिणी १९८२ पासून संघटितपणे एकच सवाल विचारत होत्या: आमचा माणूस कुठे आहे? त्यांच्यासाठी कायदा व्हायला २०१८ साल उजाडले.

माफी ही मोठी गोष्ट आहे, हे आम्ही मानतो. पण माफ करण्याचा हक्क आधी ज्याच्यावर जुल्म झाला त्याचा असतो. इथे गुन्हेगारांनी एकमेकांना माफ केले आणि मजलूमांना विसरून जा म्हणून सांगितले. विटांनी शहर बांधता येते. मुलक बांधायचा तर आधी झाले ते खरे सांगावे लागते.