पालमपासून थेऊरपर्यंत

दिल्लीच्या नैर्ऋत्येस आज द्वारका नावाची विस्तीर्ण वसाहत पसरलेली आहे. तिला लागूनच पालम हे जुने गाव आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे नाव एका बोचऱ्या म्हणीत गोवले गेले. बादशहा शाह आलम याची सत्ता दिल्लीपासून पालमपर्यंत, असे लोक उपहासाने म्हणत. जेमतेम दहा-बारा मैलांची ही बादशाही. पण ती राजधानीदेखील त्यास परत लाभली ती मराठ्यांच्या बळावर. 1771 च्या फेब्रुवारीत मराठी फौजांनी दिल्ली घेतली आणि 1772 च्या जानेवारीत महादजी शिंदे यांच्या साहाय्याने शाह आलम आपल्या नगरीत परतला. पानिपतचा कलंक धुऊन निघाला, असे त्या दिवशी महाराष्ट्रास वाटले असल्यास नवल नाही.

परंतु ज्यांच्या नावाने हा पराक्रम झाला, ते माधवराव पेशवे त्याच वर्षी पुण्याजवळ थेऊर येथे चिंतामणीच्या सान्निध्यात क्षयाने अंथरुणास खिळले होते. बादशहास तख्तावर बसविणाऱ्या या पुरुषास अखेरच्या दिवसांत एका गोष्टीचा घोर लागला होता. ती गोष्ट म्हणजे सावकारांचे देणे.

हे देणे माधवरावांच्या हातून सुरू झालेले नव्हते. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर त्यांचे वडील बंधू विश्वासराव आणि चुलते सदाशिवरावभाऊ पडले. पुढे 23 जून रोजी पर्वतीवर नानासाहेबांनी देह ठेवला. सोळा वर्षांच्या मुलास पेशवाईची वस्त्रे मिळाली आणि त्यांच्याबरोबर वडिलांची देणीही मिळाली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पेशव्यांच्या रोजनिशांवरून जो हिशेब मांडला आहे, त्यानुसार 1740 ते 1760 या वीस वर्षांत नानासाहेबांनी काढलेले कर्ज सुमारे दीड कोटी रुपयांचे होते आणि व्याज वर्षाला शेकडा 12 पासून 18 पर्यंत पडत असे.

इतके कर्ज होण्याचे कारण राज्याच्या चालीतच होते. फौज आज उभी करावयाची, तिचा खर्च मुलुखगिरीतून पुढे भरून यावयाचा. मोहीम फळली तर सावकार तृप्त. फसली तर खतावर खत. राघोबादादांच्या मराठी घोड्यांनी अटकेपर्यंत मजल मारली, पण त्या स्वारीने तिजोरीत भर पडण्याऐवजी 80 लाखांचे कर्ज झाले, असे ग्रँट डफ सांगतो. दुसरी वाट रसदेची. वसूल हाती येण्यापूर्वीच मामलतदाराकडून आगाऊ रक्कम घ्यावयाची. ती त्याने सावकाराकडून आणावयाची. या उसनवारीचा भार अखेर शेतकऱ्याच्या खळ्यावर येऊन पडे.

पानिपतानंतर पुण्याची पत खालावली आणि माधवरावांना पूर्वीपेक्षा चढे व्याज द्यावे लागले. तरीही लढाया टळण्यासारख्या नव्हत्या. 1763 साली निजामाच्या फौजेने पुणे लुटले. त्याच वर्षी 10 ऑगस्टला राक्षसभुवनावर त्याचा मोड झाला. हैदरावर स्वाऱ्या कराव्या लागल्या. घरात चुलत्याशी कलह होता तो वेगळाच. गेलेला दरारा एकेका विजयाने परत येत होता. मात्र प्रत्येक विजयास आधी पैसा लागत होता. माधवरावांच्या कारकीर्दीतील कर्ज रोजनिशांत सुमारे 24 लाख दिसते. वडिलांच्या दीड कोटीपुढे ही रक्कम लहान, पण मृत्युशय्येवरील मनुष्यास ती लहान वाटली नाही.

30 सप्टेंबर 1772 रोजी त्यांनी नऊ कलमांची एक यादी करविली. आपल्यामागे कर्जाची फेड व्हावी, ही इच्छा तीत नमूद होती. स्वाक्षरीने ओझे हलके होते, प्राण अडकून राहत नाही, असे मात्र घडले नाही. तेव्हा रामचंद्र नाईक परांजपे पुढे झाले. त्यांनी सावकारांस स्वतःच्या नावाने खते लिहून दिली आणि धन्यास चिंतामुक्त केले, असे रानड्यांनी नमूद केले आहे. 18 नोव्हेंबर रोजी, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, माधवरावांनी डोळे मिटले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. नाईकांच्या खतांनी कर्ज नाहीसे झाले नाही. ते राज्याच्या शिरावरून एका गृहस्थाच्या शिरावर आले. सावकारांनी ते मान्य केले, कारण त्या माणसाच्या शब्दावर त्यांचा विश्वास होता. कर्जाचा खरा आळा पुढील काळात बसला. नाना फडणिसांनी खर्चास शिस्त लावली, आणि त्यांच्या दीर्घ कारभारात काढलेले सरकारी कर्ज काही थोड्या लाखांवरच राहिले. दिल्ली परत मिळविण्यास दहा वर्षे पुरली होती. पत परत मिळविण्याचे काम त्याहून संथ होते. ते रणांगणावर न होता फडावर, रोजच्या जमाखर्चात पार पडले.