वर फारसी, खाली मोडी
सोळाव्या शतकात सोलापूरचा किल्ला निजामशाही आणि आदिलशाही यांच्यात पुन्हापुन्हा हात बदलत राहिला, कधी लढाईने तर कधी सोयरिकीच्या बोलीने. धनी बदलले, कागदाची ठेवण मात्र फारशी बदलली नाही: वर फारसी शिक्का किंवा मजकूर, खाली मोडीतली मराठी. पहिल्या इब्राहिम आदिलशहाने (१५३४–५८) हिशेबाचे दफ्तर फारसीतून काढून ‘हिंदवी’त आणले आणि ब्राह्मण कारकुनांच्या हाती दिले, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. याला सहिष्णुता म्हणण्याचा मोह होतो. पण वसूल ज्याच्या भाषेत मोजला जातो त्याच्याच भाषेत दफ्तर ठेवणे, हा सरळ व्यवहार होता. अक्कलकोटकडे घरात कानडी, बाजारात दखनी, कागदावर मराठी, शिक्क्यावर फारसी. एकाच माणसाला चारही भाषा येण्याची गरज नव्हती. साखळीतल्या प्रत्येकाला शेजारची एक आली की काम भागे.

म्हणूनच युरोपात त्या काळी धडाधड छापली जाणारी संभाषण-पुस्तके इथे दिसत नाहीत. अँटवर्पच्या नोएल द बेर्लेमाँ या शाळामास्तराचे फ्रेंच-फ्लेमिश पुस्तक पुढे आठ भाषांपर्यंत वाढले, कारण परक्या शहरात व्यापाऱ्याला एकट्याने सौदा करायचा होता. इथला मुलगा कारकुनाशेजारी बसून, नकला उतरवत फारसी शब्द उचलत असे. कोणी म्हणेल, इथे छापखानेच कुठे होते? पण हस्तलिखितांच्या नकलांना तोटा नव्हता, आणि गोव्यात तर सोळाव्या शतकातच छापखाना आला होता. तिथे रायतूरला १६४० मध्ये छापलेले कोकणीचे व्याकरण लिहिले थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेजुइटाने. ज्याला दफ्तरात बसायला जागा नव्हती, त्यालाच पुस्तक लागले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ‘खालिकबारी’सारखे पद्यबद्ध फारसी-हिंदवी शब्दसंग्रह होतेच की. होते; पण ते मकतबातल्या पोरांनी घोकायचे. जमाबंदीची भाषा त्यांतून हाती लागत नसे.

मराठी दरबारातला सतराव्या शतकातला नामांकित कोश आला तो तर भाषा शिकवायला नव्हे, काढून टाकायला. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथ पंडितांनी सिद्ध केलेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त सुमारे १४०० शब्द आहेत; बहुतेक फारसी-दखनी, आणि पुढे संस्कृत प्रतिशब्द. इतके शब्द निवडून बाजूला काढावे लागले, यावरूनच ते मराठीत किती मुरले होते ते कळते. कोशाला काही यश आले. अमात्य, सचिव, सुमंत ही पदनामे टिकली. पण पुढे शंभर वर्षे मराठी राज्याचा कारभार ज्याने हाकला तो पंतप्रधान लोकांच्या तोंडी ‘पेशवा’च राहिला, आणि अक्कलकोटचा कानडी बोलणारा शेतकरी आजही तहसीलात खरेदीखत आणि वारसनोंद अशाच शब्दांनी आपली जमीन मागतो.