'प्रसाद' : एका शब्दाचा इतिहास

ओघवत्या, सुबोध रचनेला मराठी समीक्षा 'प्रसादपूर्ण' म्हणते. परंतु या विशेषणाने नेमका कोणता गुण सांगितला जातो, याचा विचार क्वचितच होतो. 'प्र' उपसर्ग लागलेल्या 'सद्' धातूपासून हा शब्द साधला आहे. पाणी स्थिर होऊन निवळणे ही त्याची जुनी अर्थच्छटा. तिच्याच जोडीने गीतेतील चित्ताची प्रसन्नता, देवाची कृपा आणि भक्ताच्या हाती येणारा नैवेद्यशेष हे अर्थ रूढ झाले. ज्ञानेश्वरांचे 'पसायदान' (१२९०) याच कुळातले.

साहित्यशास्त्रकारांत मात्र एकमत नाही. दंडीच्या मते प्रसिद्ध, सहज उमगणारा अर्थ म्हणजे प्रसाद. रीतिकार वामनाने शब्दबंधाच्या शैथिल्याला हे नाव दिले. पण ते ओजाशी मिसळले तरच गुण, एरवी दोष, असे बजावले. मम्मटाने हा गुण वाचकाच्या चित्तात पाहिला : कोरड्या सरपणात अग्नी पसरावा, तसा अर्थ चित्त व्यापतो.

१७२७ मध्ये वसलेल्या जयपूरच्या चारदीवारीत या शब्दाचे गोत एकत्र नांदते. गोविंददेवाचा प्रसाद आणि त्या मंदिराशेजारचा राजप्रासाद, दोन्ही एकाच धातूची अपत्ये. या प्रासादाचा स्वामी सवाई प्रतापसिंह (राज्यकाल १७७८–१८०३) हा 'ब्रजनिधि' या नावाने काव्य करी. १७८७ मध्ये तुंग्याच्या रणात महादजी शिंद्यांच्या फौजेला सामोरा गेलेला आणि १७९९ मध्ये हवामहल उभारणारा हाच राजा. त्याने भर्तृहरीची तिन्ही शतके ब्रजभाषेत उतरवली. मराठीत हे कार्य सतराव्या शतकातच वामनपंडितांच्या हातून झाले होते. रणांगणावर समोरासमोर आलेल्या दोन भाषिक समाजांचा हा समान वारसा ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

वामनपंडितांनी संस्कृत अक्षरगणवृत्ते राखली. प्रतापसिंहाने ब्रजभाषेचे रुळलेले छंद योजले. भर्तृहरीचा श्लोक चार चरणांत घट्ट बांधलेला. देशी भाषेत आणताना ही गाठ सैल करावीच लागते. ती फार सैल झाली की सुभाषिताचा निव्वळ उपदेश होतो. येथे रीतिकार वामनाची अट अनुवादकाची कसोटी ठरते. भाषांतर अडखळत नाही, एवढ्याने ते प्रसादपूर्ण होत नाही. गढूळ पाणीही वाहतेच. मूळ कवीच्या अर्थाचा तळ त्यातून दिसतो की नाही, हे पाहिल्यावाचून 'प्रसाद' हा शब्द उच्चारू नये.