टोळ : धाड की आहार? नगरच्या मातीतून एक प्रश्न

१/ ‘टोळधाड’ या एका शब्दातच मराठी शेतकऱ्याचे या कीटकाशी असलेले नाते सामावले आहे. टोळ येतो तो लुटारू म्हणून. मात्र त्यालाच अन्न मानणारे धर्मग्रंथ अहमदनगरमध्ये (आजचे अहिल्यानगर) शतकानुशतके वाचले जात होते.

२/ निनवे येथील असुर सम्राट सेनाखेरिबच्या राजवाड्यातील शिल्पपटांत (इ.स.पू. ७०० च्या सुमारास) सेवक डाळिंबांसोबत काड्यांना बांधलेले टोळ नेताना दिसतात. ज्यू धर्मशास्त्राने बहुतेक कीटक निषिद्ध ठरवले, पण टोळांच्या काही जाती भक्ष्य मानल्या. इस्लामी धर्मशास्त्रातही टोळ हलाल आहे.

३/ १४९० मध्ये मलिक अहमदने निजामशाही स्थापन केली. पुढे बुऱ्हाण निजामशाहाने शिया पंथ स्वीकारला. त्या पंथातही टोळ भक्ष्यच. मात्र तो जिवंत पकडलेला असावा, अशी अट आहे. १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशन नगरला आले. मिशनच्या बायबलातील बाप्तिस्मा करणारा योहान तर टोळ आणि रानमध खाऊनच राहत असे.

४/ तरीही १८७६-७८ च्या भीषण दुष्काळात होरपळलेल्या या जिल्ह्याच्या शेतकरी समाजात टोळ खाण्याची रूढी रुजली नाही. याचे कारण केवळ किळस आहे काय? तसे म्हणता येत नाही. याच महाराष्ट्रात, गडचिरोलीतील माडिया समाज झाडांवरच्या तांबड्या मुंग्यांची चटणी आवडीने खातो.

५/ उत्तर बहुधा कीटकाच्या स्वभावात आहे. तांबडी मुंगी पाने विणून झाडावर घर करते. ते झाड कोणते, हे ठाऊक असते. टोळाचा नेम नाही. त्याची अंडी ओलसर जमिनीत वाढतात, पिल्लांना हिरवा पाला लागतो. म्हणजे पाऊस झाला तर टोळ वाढतो. कोरड्या दुष्काळात, जेव्हा भूक सर्वाधिक असते, तेव्हा त्याचा भरवसा धरता येत नाही.

६/ दुसरा फरक उपजीविकेचा. अरबस्तानातील भटक्या पशुपालकाकडे उभे पीक नसे. त्याला थवा म्हणजे आयते अन्न. नगरच्या शेतकऱ्याची ज्वारी-बाजरी मात्र शेतात उभी असे. एक चौरस किलोमीटरचा थवा दिवसाला सुमारे ३५,००० माणसांइतके अन्न फस्त करतो. अशा वेळी हात थाळ्या-डबे वाजवून थवा हुसकावण्यात गुंतणार, पकडून वाळवण्यात नव्हे.

७/ मे २०२० मध्ये वाळवंटी टोळांचे थवे विदर्भात शिरले, तेव्हा त्यांच्यावर कीटकनाशके फवारली गेली. फवारलेला टोळ खाणे धोक्याचे असते. म्हणजे आज धर्माची अनुमती असो वा भुकेची निकड, तो मार्ग रसायनानेच बंद केला आहे. एखादा समाज काय खात नाही, याचे कारण शोधताना म्हणूनच त्याच्या जिभेआधी त्याचे शेत पाहावे.