ॲमवे इंडिया

त्वचाप्रसाधने, पूरक आहार आणि घरगुती स्वच्छतेची उत्पादने दुकानांऐवजी सभासदांच्या साखळीतून विकणारी कंपनी. भारतात स्थापना १९९५, प्रत्यक्ष विक्री १९९८ पासून. मूळ अमेरिकी कंपनी जे व्हॅन ॲन्डेल आणि रिच डिव्हॉस या दोन मित्रांनी १९५९ मध्ये मिशिगन राज्यातील एडा या गावी काढली. नाशिक रोडला जेलरोड, उपनगर किंवा बिटकोच्या बाजूला कोणी ‘एक बिझनेस आहे, प्लॅन बघायला या’ म्हटले, की ऐकणाऱ्याच्या मनात आधी याच कंपनीचे नाव येई. मग बोलावणारा दुसऱ्याच कंपनीचा का असेना.

साखळीची कल्पना मात्र ॲमवेची नाही. कार्ल रेनबोर्ग यांनी १९३४ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या, पुढे न्यूट्रिलाइट या नावाने ओळखल्या गेलेल्या जीवनसत्त्वांच्या कंपनीसाठी १९४५ मध्ये अशी योजना आखली गेली : स्वतःच्या विक्रीवर नफा, आणि आपण आणलेल्या माणसांच्या विक्रीवर वेगळा हिस्सा. ॲमवेचे दोघे संस्थापक आधी याच साखळीतले विक्रेते होते. पुढे १९७२ मध्ये ॲमवेने न्यूट्रिलाइटवरच ताबा मिळवला. चेला गुरूचे घर विकत घेतो, असा हा प्रकार. आर्टिस्ट्री ही सौंदर्यप्रसाधनेही रेनबोर्ग कुटुंबाकडूनच आली. भारतात खास इथल्या ग्राहकासाठी ॲटिट्यूड हे प्रसाधनांचे नाव निघाले; तरी घरोघर पोचला तो न्यूट्रिलाइट प्रोटीन पावडरचा डबा.

प्लॅन दाखवण्याची रीत ठरलेली असे. हॉलमध्ये चटईवर किंवा खुर्च्यांवर माणसे बसत, पांढऱ्या फळ्यावर एक गोल काढून ‘हे तुम्ही’ असे सांगितले जाई. तुम्ही सहा जण आणायचे, त्या प्रत्येकाने चार, आणि त्या चारांतल्या प्रत्येकाने दोन. म्हणजे तुमच्याखाली ६ अधिक २४ अधिक ४८, एकूण ७८ माणसे. या ‘डाउनलाइन’च्या खरेदीचे गुण वर जमा होतात, आणि त्यावर ६ ते २१ टक्क्यांच्या पायऱ्यांनी बोनस. त्यापुढे सिल्व्हर, प्लॅटिनम, एमराल्ड, डायमंड अशा पदव्या आणि परदेशवाऱ्यांचे फोटो. फळ्यावर न मांडलेला हिशोब सोपा आहे. ७८ पैकी ४८ जण शेवटच्या रांगेत आहेत. त्यांच्याखाली कोणीच नाही. त्यांनी प्रत्येकी आणखी दोघे आणले तरी नवी रांग ९६ जणांची, म्हणजे एकूण १७४ मधले निम्म्याहून अधिक पुन्हा तळाशीच. साखळी कितीही वाढली तरी हे बदलत नाही. वरचा डायमंड खरा असतो. त्याच्यासारखे सगळे होतील, हे मात्र खरे असू शकत नाही.

म्हणून कायद्यापुढचा प्रश्न सगळीकडे एकच राहिला : पैसा माल विकून येतो की माणसे भरती करून? अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७९ मध्ये ॲमवे ही बेकायदा पिरॅमिड योजना नाही असे ठरवले, मात्र किमती बांधून देणे आणि कमाईचे फुगवलेले दावे यांबद्दल कंपनीला दोषी धरले. भारतात कसोटी लागली ती १९७८ च्या बक्षीस चिट व पैसा फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणाऱ्या कायद्याची. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने जुलै २००७ मध्ये कंपनीची याचिका फेटाळली आणि तिची योजना प्रथमदर्शनी या कायद्याच्या कक्षेत येते, असे म्हटले. कंपनीचे भारतातील प्रमुख विल्यम स्कॉट पिंकनी यांना २०१३ मध्ये केरळ पोलिसांनी आणि २०१४ मध्ये आंध्र पोलिसांनी अटक केली.

नाशिकमध्ये साखळी या गोष्टीचे नाव बिघडले ते मात्र ॲमवेमुळे नव्हे. केबीसी मल्टिट्रेड या नाशिकच्या कंपनीने सभासदांची साखळी आणि गुंतवणुकीवर भरमसाट परतावा यांची सांगड घातली. विकायला साबणाची वडीसुद्धा नव्हती. २०१४ मध्ये गुन्हे दाखल झाले तेव्हा संचालक दाम्पत्य सिंगापूरला पोचलेले होते. २०१६ मध्ये परतताना मुंबई विमानतळावर त्यांना अटक झाली. त्याच वर्षी मैत्रेय समूहाच्या ठेवीदारांचे प्रकरण नाशिकच्या न्यायालयात उभे राहिले. अशा प्रकरणांना १९९९ चा महाराष्ट्र ठेवीदार हितसंरक्षण कायदा लागतो. डबा घेऊन फसलो म्हणणाऱ्या ग्राहकाला त्याचा उपयोग नाही, कारण त्याने ठेव दिलेली नसते, माल घेतलेला असतो. हा फरक पोलीस ठाण्यात समजावून सांगताना दोन्ही बाजूंची दमछाक होते.

थेट विक्रीला स्वतंत्र नियम मिळाले ते २८ डिसेंबर २०२१ रोजी. पिरॅमिड योजनांना त्यांत मनाई आहे, सभासद होण्यासाठी शुल्क घेता येत नाही, आणि देखरेखीची यंत्रणा राज्यांनी उभारायची आहे. दरम्यान ॲमवेचा माल ॲमेझॉनवर दिसू लागल्याने कंपनीच दिल्ली उच्च न्यायालयात गेली. २०१९ मध्ये तिच्या बाजूने निकाल लागला, जानेवारी २०२० मध्ये खंडपीठाने तो फिरवला. घरपोच विक्रीचा सगळा डोलारा ज्या ओळखीपाळखीवर उभा होता, तिची गरज मोबाइलवरच्या एका बटणाने कमी केली होती.

एप्रिल २०२२ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने कंपनीची ७५७.७७ कोटी रुपयांची मालमत्ता तात्पुरती जप्त केली. तमिळनाडूच्या दिंडिगल जिल्ह्यातला कारखाना आणि जमीन त्यांत आली. संचालनालयाच्या म्हणण्यानुसार २००२-०३ पासून कंपनीने सुमारे २७,५६२ कोटी रुपये गोळा केले आणि त्यांतले ७,५८८ कोटी कमिशनपोटी वाटले. बाजारातल्या तशाच मालापेक्षा किमती अवाच्या सवा असण्याचे कारण हेच, असा आरोप आहे. ही कारवाई २०११ पासूनच्या चौकशीतली असून आपण तपासाला सहकार्य करत आलो आहोत, असे कंपनीने तेव्हा सांगितले.