अंगावरच्या डगल्याची होडी

आर्क्टिकमधल्या नद्यांवर आठवडेच्या आठवडे हिंडणारी माणसं आज होडी पाठीवर वाहून नेतात. लहान विमानानं अलास्काच्या ब्रुक्स पर्वतराजीत उतरायचं, डोंगर पायी ओलांडायचे, नदी लागली की होडीत हवा भरायची. या होडीला पॅकराफ्ट म्हणतात. तिची कथा बहुतेक जण १९८२ पासून सांगतात. त्या वर्षी अलास्कात होप ते होमर अशी रानावनातली शर्यत झाली. पंचावन्न वर्षांच्या डिक ग्रिफिथनी नदीकाठी पिशवीतून हवेची होडी काढली, आणि तरुण स्पर्धक बघत राहिले. गोष्ट खरी आहे, पण होडीच्या कुळाचा आरंभ तिथला नाही.

तो आहे १८२१ मध्ये, कॅनडातल्या कॉपरमाइन नदीच्या काठी. ब्रिटिश नौदलातल्या जॉन फ्रँकलिनची तुकडी उत्तरेचा किनारा पाहून परतत होती. अन्न संपलेलं. खांद्यावरून वाहून आणलेल्या नावा वाटेतच मोडल्या. नदी जेमतेम सव्वाशे मीटर रुंद, पण पाणी बर्फासारखं. तुकडीतले डॉक्टर रिचर्डसन कमरेला दोर बांधून पोहत निघाले. हातपाय बधिर होऊन बुडू लागले, तेव्हा सोबत्यांनी त्यांना ओढून काढलं. शेवटी सेंट जर्मेन या दुभाष्यानं विलोच्या फांद्यांवर बिछान्याचं जाड कापड ताणून एकट्यापुरती होडी बांधली, आणि एकेक करत सगळे पलीकडे गेले. तोवर आठवडाभर वाया गेला होता. त्या मोहिमेतल्या २० जणांपैकी ११ दगावले. चार किलोची होडी जवळ असती, तर त्यांतले काही नक्की वाचले असते असं मला वाटतं.

ही उणीव पीटर हॅल्केट या नौदलातल्या तरुण अधिकाऱ्यानं मनावर घेतली. त्याचे वडील कॅनडात फरचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीच्या संचालकांपैकी, त्यामुळे उत्तरेकडच्या हालअपेष्टा त्याला ऐकून माहीत असणार. १८४४ च्या सुमारास त्यानं मॅकिंटॉशच्या रबरी कापडाचा डगला शिवला. एरवी तो पावसापाण्यात पांघरायचा. नदी आली की पसरून, लहान भात्यानं हवा भरायची. तीनचार मिनिटांत होडी तयार. हवेचे कप्पे चार, वेगवेगळे, म्हणजे एक फाटला तरी माणूस तरंगत राहावा. हातातल्या काठीला पातं जोडलं की वल्हं, छत्री उघडली की शीड! ही कल्पकता पाहून आजही मन भरून येतं.

नौदलाच्या वरिष्ठांनी १८४५ मध्ये कल्पनेची तारीफ केली आणि नौदलाच्या नेहमीच्या कामात तिचा उपयोग नाही असं कळवून टाकलं. मोल ओळखलं ते हडसन्स बे कंपनीच्या डॉक्टर जॉन रे यांनी. १८४६ च्या मोहिमेत त्यांनी हॅल्केटची होडी नेली. खडकाळ किनाऱ्यावर मासळीची जाळी लावायला ती आठवडेच्या आठवडे वापरात होती, आणि दुरुस्ती करावी लागली नाही. इन्युइट लोकांकडून शिकायला रे कधी लाजले नाहीत. कातड्याची हलकी कायाक पिढ्यान्‌पिढ्या वापरणाऱ्यांच्या शेजारी राहिलेल्या माणसाला हलक्या होडीचं महत्त्व वेगळं सांगावं लागलं नसणार.

पुढे ही होडी मागे पडली. २००० च्या सुमारास अलास्कातल्या शेरी टिंगींनी आपल्या मुलासाठी टिकाऊ पॅकराफ्ट शिवली आणि त्यातूनच अल्पाका राफ्ट ही कंपनी निघाली. आज अशा होडीचं वजन दोनतीन किलो भरतं. हॅल्केटचा डगला साधारण साडेतीन किलोचा होता. त्याच्या मोजक्या उरलेल्या होड्यांपैकी एक स्कॉटलंडमध्ये, ऑर्कनी बेटांवरच्या स्ट्रॉमनेसच्या संग्रहालयात आहे. ऑर्कनी ही जॉन रे यांचीच जन्मभूमी. तिकडे गेलात तर ती आवर्जून पाहा.