कीव्हचे कांस्य क्रूस : वस्तू उरली, ठिकाण हरवले

मध्ययुगीन कीव्हच्या राज्यातील कांस्य क्रूस हे पुराणवस्तू-संग्राहकांचे जुने आकर्षण आहे. त्यांत विशेष मान आहे तो ‘एन्कोल्पियन’ या प्रकाराला. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ ‘छातीवरील’. दोन पोकळ अर्धे भाग वर-खाली बिजागऱ्यांनी जोडून हा क्रूस तयार होई. आतील पोकळीत संतांचे पवित्र अवशेष ठेवीत आणि तो वस्त्रांवरून गळ्यात धारण करीत. पुढे क्रूसावरील येशू, मागे बहुधा माता मरिया.

ही प्रथा मूळची बायझंटाइन साम्राज्यातील. राजा व्लादिमीरने ९८८ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतर ती कीव्हमध्ये रुजली आणि तेथील ओतारी स्वतःच असे क्रूस ओतू लागले. १०१५ मध्ये मारले गेलेले राजपुत्र बोरिस आणि ग्लेब पुढे संत ठरले. त्यांच्याही प्रतिमा क्रूसांवर आल्या. (बाजारात सरसकट ‘कांस्य’ म्हणून विकला जाणारा क्रूस पुष्कळदा पितळेचा असतो, हे जाता जाता सांगायला हवे.)

तयार क्रूसाचा ठसा मातीत घेऊन त्यावरून दुसरा ओतण्याची रीत होती. अशा प्रत्येक नकलेत नाकडोळे अधिक पुसट होत. त्यामुळे पुसट चेहरा म्हणजे अधिक जुना क्रूस, हा नवशिक्यांचा समज फसवा आहे.

एका प्रकारच्या क्रूसांवर देवमातेला साहाय्यासाठी केलेली विनवणी कोरलेली असून तिची अक्षरे आरशात दिसावीत तशी उलटी आहेत. साच्यात ती सुलटी कोरल्याचा हा परिणाम. बातू खानाच्या मंगोल सैन्याने १२४० मध्ये कीव्ह उद्ध्वस्त केले. त्या स्वारीत नष्ट झालेल्या वस्त्यांच्या थरांत असे क्रूस मिळाल्याने अभ्यासकांनी त्यांचा काळ त्या संकटाशी जोडला. हा निष्कर्ष धातूवरून नव्हे, क्रूस कोठे आणि कोणत्या थरात मिळाला यावरून निघाला.

धातुशोधक यंत्र घेऊन शेते उकरणारा नेमकी हीच माहिती नष्ट करतो. रशियाने २०१३ च्या कायद्याने विनापरवाना असा शोध घेण्यास मनाई केली. तरी चोरटे उत्खनन आणि विक्री थांबलेली नाही. शिवाय ठसा घेण्याची जुनी युक्ती आजचे नकलाकारही वापरतात आणि आम्लाने हिरवा थर चढवितात. अशा वेळी खरेदीदाराने वस्तूच्या सौंदर्यापूर्वी तिच्या पूर्वीच्या मालकीचे व निर्यातीचे कागद पाहणे आवश्यक ठरते. ‘जुन्या संग्रहातून’ एवढा शेरा पुरेसा नाही.